चिपाडाला बॉयलरखेरीज दुसरी वाट हवी

मा. संपादक,

चिकोडी, अथणी, हुक्केरी भागातील साखर कारखान्यांत एक टन ऊस गाळला की साधारण पाव टनाहून अधिक ओले चिपाड निघते आणि त्यातील बहुतेक बॉयलरमध्ये जाळले जाते. त्यातून वीज मिळते हे मान्य. तरीही ज्या धाग्यापासून छताखालचे तक्ते आणि आडभिंती होऊ शकतात, तो सगळाच जाळावा हे पटत नाही.

असे तक्ते करताना अडचण आहे ती धागा आणि त्याला बांधून ठेवणारी राळ (रेझिन) एकजीव होण्याची. वाळलेले चिपाड हातात चोळले तर काटक धागे सुटे होतात आणि मऊ भुसा बोटांना लागतो. हा भुसा राळ पिऊन टाकतो, म्हणून तो आधी चाळून काढावा लागतो. मग धागे कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात भिजवून, धुऊन, पूर्ण वाळवले की पृष्ठभाग खरखरीत होऊन राळ घट्ट धरतो. राळेऐवजी सिमेंट वापरायचे तर उरलेली साखरही धुतलीच पाहिजे, कारण ती सिमेंट लवकर आवळू देत नाही.

तक्ता आगीला टिकावा म्हणून खनिजाची जोड हवी, तीही इथेच आहे. बेळगावात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) तयार होते. त्याच प्रक्रियेतील ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची भुकटी राळेत मिसळली, तर सुमारे २०० अंश सेल्सिअसपुढे ती पाणी सोडून आगीचा जोर रोखते. मात्र ती बेसुमार घातल्यास तक्ता ठिसूळ होतो.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील उद्योजक आणि साखर कारखाने यांनी मिळून येत्या गाळप हंगामात असे तक्ते बनवावेत आणि खानापूरच्या पावसाळ्यात ते किती फुगतात याची नोंद जाहीर करावी, ही विनंती.

— एक वाचक, खानापूर