दर रविवारी पाच मिनिटं गाडी स्टार्ट करून बॅटरी वाचत नाही

संपादक महोदय,

मे महिना संपत आला की आपल्या गोव्यात घराघरांत निघायची गडबड सुरू होते, कोण दुबईला, कोण कुवेतला, कोण बोटीवर, कोण लंडनला. गाडी शेडमध्ये लागते, वर कव्हर चढतं आणि जाता जाता सांगणं होतं, "बाबा, दर रविवारी पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवा, म्हणजे बॅटरी बसायची नाही." ह्या सांगण्याबद्दलच लिहायचंय, कारण त्यापायी सत्तरीतली माणसं भर पावसात चावी घेऊन शेडमध्ये जातात आणि बॅटरी बसायची ती बसतेच.

हिशोब साधा आहे. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉकिंग, कॉम्प्युटर हे सगळं थोडं थोडं खातच असतं. 30 मिलिअँपिअर धरले तरी आठवड्याला 5 अँपिअर-अवर (बॅटरीत साठलेली वीज मोजायचं माप) गेले, आणि लहान गाडीची बॅटरीच मुळात 35 अँपिअर-अवरची असते, म्हणजे महिन्याभरात अर्ध्याहून जास्त रिकामी. पाच मिनिटं जागेवर इंजिन फिरवलं तर सेल्फ मारायला गेलं ते आणि वर थोडंफार परत येतं, आठवड्याचं नुकसान भरून निघत नाही. त्यात इंजिन धड तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो. चालवायचीच तर रस्त्यावर चांगली अर्धा-पाऊण तास चालवायला हवी, ते ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. आणि एक कळकळीची विनंती, बंद गॅरेजमध्ये शटर खाली ओढून गाडी कधीच चालू ठेवू नका, पाऊस आत येतो म्हणून लोक तसं करतात पण त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि माणूस जागीच जातो.

त्यापेक्षा सोपं म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवणं. बॉनेट उघडा, काळी वायर, उणे चिन्ह, बहुतेक गाड्यांना 10 नंबरचा पाना लागतो, नट पूर्ण काढायचा नाही, सैल करायचा आणि टर्मिनल, म्हणजे वायरच्या टोकाची पकड, डावं-उजवं हलवत वर उचलायचं. मग ते कापडात गुंडाळून बाजूला दाबून ठेवा, नाहीतर वायर ताठ असते, ती परत पोलवर येऊन टेकते. पहिलं निगेटिव्हच का, तर पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला की सरळ शॉर्ट होतं, ठिणग्या उडतात. दोन्ही काढली असतील तर लावताना उलटं, आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. काढण्याआधी काचा वर घ्या आणि दरवाजा चावीने उघडतो का ते बघून ठेवा, कारण नंतर रिमोट चालणार नाही (बटणाने स्टार्ट होणाऱ्या गाड्यांच्या रिमोटमध्येच बारीक चावी लपवलेली असते, कितीतरी जणांना ते माहीतच नसतं). परत जोडल्यावर घड्याळ लावावं लागतं, काही गाड्यांत रेडिओचा कोड मागतो, एवढंच. स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला थांबलं की इंजिन आपोआप बंद होतं त्या) गाडीत निगेटिव्हला सेन्सर असतो, तिथे मॅन्युअल बघूनच हात घाला. इलेक्ट्रिक गाडीतसुद्धा 12 व्होल्टची वेगळी बॅटरी असते, ती पण बसते.

आता वायर काढली म्हणजे झालं असंही नाही, आपल्या गरमीत बॅटरी स्वतःच हळूहळू उतरते, म्हणून दोनेक महिन्यांनी कोणीतरी व्होल्ट मोजायचा मीटर लावून बघावं. 12.6 व्होल्ट म्हणजे फुल, 12.4 च्या खाली आली की चार्ज करा, 12 म्हणजे जवळपास रिकामी. रिकामी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग चार्जर लावूनही ती उठत नाही. दोन वर्षांची चांगली बॅटरी अशीच भंगारात जाते, ह्याचंच मला जास्त वाईट वाटतं. शेडमध्ये प्लग असेल तर फुल झाल्यावर आपोआप करंट कमी करणारा मेन्टेनर चार्जर सगळ्यात उत्तम. जुना साधा चार्जर दिवसच्या दिवस लावून ठेवू नका, बॅटरीतलं पाणी उकळून आटतं आणि हायड्रोजन हा पेट घेणारा गॅस सुटतो, त्यामुळे कुठलाही चार्जर मोकळ्या हवेतच लावा. बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते असं अजून ऐकू येतं, हल्लीच्या प्लॅस्टिक बॉडीला त्याने काही होत नाही.

कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवावी, पुसून पेट्रोलियम जेली लावावी. आणि हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसात ब्रेक चिकटतात, गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा.

माझं मागणं एवढंच की पावसाळ्याआधी गाड्या सर्व्हिसिंगला येतात तेव्हा गॅरेजवाल्यांनी "किती दिवस बंद राहणार?" हे विचारावं आणि निगेटिव्ह कसं काढायचं ते तिथेच दाखवून द्यावं, पाच मिनिटांचं काम आहे. आपल्या पेपरनेही मे महिन्याच्या पुरवणीत फोटोसकट अर्धं पान ह्यासाठी द्यावं, अक्षर जरा मोठं ठेवून, कारण वाचून करणारे घरी राहिलेले आई-वडीलच असतात.

– एक वाचक, माशेल