मुंग्यांवर फवारा कशाला? गूळच घाला

संपादक महोदय,

मृगाचा पाऊस धरला की जमिनीतल्या वारुळांत पाणी शिरतं आणि मुंग्या अंडी तोंडात धरून कोरड्यात, म्हणजे आपल्या भिंतींत, चढतात. त्यात कोल्हापूरच्या घरात फळीवर गुळाचा रवा असायचाच. मग मुंग्या मारायचा खडू किंवा फवारा येतो, दोन दिवस सामसूम होते आणि तिसऱ्या दिवशी रांग देवघरातून निघते. घरगुती उपायांच्या सदरांत हळद, दालचिनी, कापूर यांची नावं असतात, प्रमाण मात्र कुठेच नसतं. शिवाय हळदीच्या रेघेने मुंगी वाट बदलते, मरत नाही.

रांगेत दिसतात त्या फक्त कामकरी मुंग्या. अंडी घालणारी राणी भिंतीच्या आत असते. स्वयंपाकघरातल्या बारीक पिवळसर मुंग्यांत आणि काळ्या डोक्याच्या, फिकट पोटाच्या मुंग्यांत तर एका वारुळात अनेक राण्या असतात. फवाऱ्याने घाबरलं की वारूळ फुटतं आणि एकेक राणी आपला गोतावळा घेऊन वेगळी चूल मांडते.

म्हणून विष हळू चढणारं हवं, आणि ते मुंगीनेच घरी नेलं पाहिजे. 100 मिली कोमट पाण्यात 10 ग्रॅम साखर किंवा किसलेला गूळ आणि 1 ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. 1 ग्रॅम म्हणजे चहाच्या सपाट चमच्याचा साधारण पाव भाग. औषधाच्या दुकानातली, वेष्टनावर ‘बोरिक अ‍ॅसिड’ लिहिलेली पावडर घ्या. कॅरमच्या पावडरीत बोरिक असेलच असं नाही. बाटलीच्या झाकणात कापसाचा बोळा ठेवून तो या पाण्यात भिजवा आणि झाकण रांगेच्या कडेला ठेवा.

बहुतेकांचं चुकतं ते प्रमाणात. ‘लवकर मरू देत’ म्हणून पावडर चौपट घातली, तर मुंगी एकतर तोंड लावत नाही किंवा वाटेतच मरते आणि राणीपर्यंत काही पोचत नाही. दुसरी चूक धीराची. पहिल्या दिवशी रांग दुप्पट होते. तेच हवं असतं, पण नेमकं तेव्हाच कुणीतरी फवारा उचलतं किंवा ओटा फिनेलने पुसतं आणि वाटेवरचा त्यांचा वास मोडल्यावर मुंग्या झाकणाकडे फिरकत नाहीत. मुंग्यांना साखर घालणं आपल्याकडे पुण्याचं. इथे त्यात चिमूटभर पाप मिसळायचं, एवढंच. बोळा वाळतो, पावसाळी हवेत पाणी आंबतं, म्हणून दिवसाआड बदला. साधारण एक ते तीन आठवडे लागतात. रांग पूर्ण थांबल्यावरच वाट साबणाच्या पाण्याने पुसा आणि फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवा.

गोडाला तोंड लावत नसतील, तर कागदावर एकीकडे साखरपाण्याचा थेंब आणि दुसरीकडे शेंगदाण्याचं कूट ठेवून अर्धा तास पाहा. कूट पळवलं, तर बोरिक कुटात आणि थोड्या तुपात मळून द्या. लहान मुलं, मांजर, कुत्रा असेल, तर झाकणाऐवजी भोकं पाडलेला, घट्ट झाकणाचा डबा वापरा आणि उरलेल्या बाटलीवर ‘विष’ लिहा. साखरपाणी म्हणून कुणीही पिऊन टाकेल.

मोठे काळे मुंगळे बहुधा बाहेर झाडाच्या बुंध्याशी राहतात आणि रात्री आत येतात. जास्वंदीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण असेल, तर त्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या तिथे कायम राबता ठेवतात. आधी झाड साबणाच्या पाण्याने धुवा आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा.

दुधाच्या पातेल्याखाली पाण्याची थाळी हा आजीचा उपाय पक्का आहे, फक्त त्यात साबणाचा एक थेंब टाका. नाहीतर पाण्यावर धूळ साचून मुंग्यांना पूल तयार मिळतो. कपाटाच्या पायाखालच्या वाट्यांतलं पाणी मात्र दर तीन-चार दिवसांनी ओतून टाका, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास वाढतात.

खडूबद्दल एवढंच, की तो पाटीच्या पेन्सिलीसारखा दिसतो आणि त्यात कीटकनाशक असतं. ‘गमेक्सिन’ मागण्याची सवयही सोडावी. त्या नावाने बीएचसी किंवा लिंडेन ही जुनी कीटकनाशकं विकली जात. बीएचसीवर 1997 पासून बंदी आहे आणि लिंडेनचा वापर 2013 पासून बंद आहे. त्या नावाने सुट्या पुडीत कुणी काही दिलं, तर ते काय आहे हे कळायला मार्ग नाही.

पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाले किडे आले, तर आधी कंबर पाहा. कंबर बारीक आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, तर मुंग्या. कंबर सरळ आणि चारही पंख सारखे, तर ती वाळवी. तिथे गूळ-बोरिकचा उपयोग नाही, चौकटी आणि कपाटाची पाठ ठोकून पाहावी लागेल.

– कीटकनियंत्रण व्यवसायातील एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर