चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बराच वेळ बोलत होतास आणि मी मुद्दामच मध्ये बोलले नाही. असल्या प्रश्नाला फोनवर उत्तर देऊन भागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुझं म्हणणं असं की तुमच्या कंपनीची संगणकावरची सिस्टिम मोडकळीला आली आहे, ती टाकून सगळं नव्यानं लिहायला हवं. तुझे साहेब म्हणतात, चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? माझी सगळी नोकरी अशाच सिस्टिमी सांभाळण्यात गेली. दोन्ही बाजूंची माणसं मी जवळून पाहिली आणि मला दोघांचंही पटत नाही. साहेब ती चालते का एवढंच बघतात आणि तू ती किती जुनी आहे ते बघतोस. ती चालती ठेवायला माणसांना काय काय करावं लागतं आणि ते दर वर्षी वाढतंय का, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

आधी तुझा मुद्दा घेते, तो लवकर संपेल. जुनं असणं हा दोष नाही. कोबोल ही प्रोग्रॅम लिहायची १९५९ सालची भाषा, आणि तिच्यात लिहिलेले प्रोग्रॅम आजही मोठ्या बँकांचे व्यवहार रोज बिनबोभाट उरकतात. जुन्या कोडमध्ये तुला ज्या विचित्र अटी दिसतात, अमुक असेल तर तमुक वगळा वगैरे, त्यांतल्या बऱ्याच अटींमागं कुणीतरी रात्र जागून काढलेली असते. कोड कुरूप दिसतो म्हणून फेकलास तर ती समजही त्याच्याबरोबर जाते. वयाचा मुद्दा खरा ठरतो तो ज्याच्यावर तुमचं सगळं उभं आहे त्याची देखभालच बंद होणार असेल तेव्हा. पायथन ही अशीच एक भाषा, तिची तिसरी आवृत्ती, पायथन ३, आली २००८च्या डिसेंबरमध्ये. पायथन २ची देखभाल थांबवायची मुदत आधी २०१५ ठरली होती. लोकांची तयारी होईना म्हणून ती पाच वर्षं पुढं ढकलावी लागली आणि शेवटी १ जानेवारी २०२०ला दार बंद झालं. तुमच्याकडच्या कुठल्या डेटाबेसची, कुठल्या लायब्ररीची (म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची) अशी तारीख जाहीर झाली आहे का ते शोध. असेल तर वाद घालायचं कारणच उरत नाही, तारीख दाखवायची आणि कामाला लागायचं.

आता साहेबांचं 'चालतंय'. मी जिथं होते तिथं पगाराची एक सिस्टिम होती. महिनाअखेरीला ती चालवणाऱ्या बाईंच्या टेबलाच्या काचेखाली एक कागद असायचा. त्यावर क्रमानं लिहिलेलं: आधी हा जॉब, म्हणजे संगणकाला लावून दिलेलं काम, थांबवायचा, मग डेटाबेसमधल्या त्या तक्त्यातली तारीख हातानं बदलायची, मग दुसरा जॉब सोडायचा, तो अर्ध्यात अडकला की पुन्हा सोडायचा. चौथी पायरी खोडून तिथं वेगळ्या शाईनं नवी लिहिलेली होती. कडेला एका माणसाचा एक्स्टेन्शन नंबर आणि त्याच्यापुढं 'अडलं तर'. बाई इतक्या सराईत होत्या की त्यांना कागदाकडं बघावंही लागत नसे. पगार कधी चुकला नाही, त्यामुळं वरच्यांच्या लेखी सिस्टिम उत्तम होती. तो वेळेवर होत होता तो त्या बाईंमुळं आणि त्या कागदामुळं, हे वर कुणाला ठाऊकच नव्हतं.

एकदा नव्यानं लागलेल्या मुलीनं विचारलं, तारीख हातानं का बदलायची? बाई शांतपणे म्हणाल्या, असंच करायचं असतं. मला तेव्हा खरी काळजी वाटली. सिस्टिम बंद पडली की निदान आरडाओरडा होतो. त्रास अंगवळणी पडला की तक्रारच थांबते, आणि तक्रार थांबली की वरच्यांना वाटतं सगळं आलबेल आहे. तुमच्याकडंही असे कागद असणार. कुणाच्या तरी संगणकावर दोन याद्या जुळवणारी एक्सेल शीट असेल, शुक्रवारी संध्याकाळी हातानं चालवायची एखादी स्क्रिप्ट असेल, 'या फाइलला हात लावू नका' अशी कोडमध्ये कुणीतरी लिहून ठेवलेली ओळ असेल. तू आधी हे गोळा कर. त्यासाठी स्वतःच्या खुर्चीतून उठून, जे लोक ती सिस्टिम दिवसभर वापरतात त्यांच्या शेजारी जाऊन बसावं लागेल. त्यांना काय अडचण आहे असं विचारू नकोस, ते 'काही नाही' म्हणतील. नुसतं बघत बस.

अंगवळणी पडण्याचं हे दुखणं फार मोठ्या ठिकाणीही जडतं. चॅलेंजर अंतराळयानाचा अपघात तुला माहीत आहे: २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी, सात माणसं गेली. रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्या गरम वायूनं खाल्ल्या जातात, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं नव्हतं. १९८१च्या दुसऱ्याच शटल उड्डाणानंतर ती झीज दिसली होती. यान सुखरूप परत आलं. पुढंही काही उड्डाणांत झीज दिसली आणि दर वेळी यान परत आलं, म्हणून एवढी झीज चालते असं ठरत गेलं. आदल्या रात्री थंडीमुळं उड्डाण नको असं काही इंजिनिअरांनी जीव तोडून सांगितलं, पण तोवर मागची सुखरूप उड्डाणं हाच पुरावा झाला होता. समाजशास्त्रज्ञ डायेन वॉन यांनी या प्रकरणाचा वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं, की तिथं कुणी नियम धाब्यावर बसवायला निघालं नव्हतं. चुकीची गोष्ट थोडीथोडी करत नेहमीची झाली होती, इतकंच. तुमच्या सिस्टिममुळं कुणाचा जीव जाणार नाही हे मला कळतं. पण 'मागच्या खेपेला निभावलं' हे वाक्य तुमच्या मीटिंगमध्ये ऐकू आलं, तर तिथं थांबून प्रश्न विचार.

दुसरं उदाहरण तुझ्याच क्षेत्रातलं. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअरच्या व्यवहारांची कंपनी. तिच्या प्रोग्रॅममध्ये एक भाग होता, तो वापरणं २००३ सालीच बंद झालेलं. काढून कुणी टाकला नाही, राहिला पडून. २०१२मध्ये नवीन काम घालताना त्या जुन्या भागाचाच फ्लॅग, म्हणजे तो चालू करायची खूण, पुन्हा वापरला. आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड चढला, आठव्यावर चढवायचा राहिला, आणि तो चढला का हे दुसऱ्या कुणी तपासावं अशी लेखी पद्धत नव्हती. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरवरचं ते जुनं भूत जागं झालं. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. मला त्यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. बाजार उघडण्याआधी त्या सिस्टिमनं स्वतःहून ९७ ईमेल पाठवल्या होत्या, त्यांत त्या जुन्या भागाचं नाव होतं आणि तो बंद असल्याची एरर होती. त्या ईमेल धोक्याची सूचना म्हणून बघायची रीतच तिथं नव्हती. तुमच्या इनबॉक्समध्ये रोज सकाळी येणाऱ्या आणि सगळे न वाचता पुसून टाकतात अशा ईमेल असतीलच. एक दिवस त्या सगळ्या उघडून वाच.

हे सगळं झालं की नोंदी ठेव. एखादं छोटं काम, फॉर्मवर एक रकाना वाढवायचा म्हणू, त्याला पूर्वी किती दिवस लागायचे आणि आता किती लागतात, हे जुन्या टिकिटांवरून, म्हणजे कामांच्या नोंदींवरून, काढता येतं. तोच बग किती वेळा परत आला, नवीन माणूस किती आठवड्यांनी एकट्यानं काम करू लागतो, रिलीजच्या दिवशी कोण रजा घेऊ शकत नाही, हेही लिहून काढ. शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण एकच माणूस जर दर वेळी अडकत असेल तर तुमची अर्धी सिस्टिम त्याच्या डोक्यात आहे आणि त्याचा बॅकअप कुणाकडं नाही.

आणखी एक. तू म्हणालास, ग्राहकाची माहिती दोन ठिकाणी आहे आणि दोन्हीकडं वेगळी. हे मुळात कोडमुळं झालंय असं मला वाटत नाही. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ सालीच लिहून ठेवलं आहे, की संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात तशाच घडणीच्या सिस्टिमी ती संस्था बनवते. तुमचे विक्री आणि सेवा हे दोन विभाग एकमेकांशी बोलत नसतील तर त्यांच्या दोन याद्याही बोलणार नाहीत. सगळं नव्यानं लिहिलंत तरी वर्षभरात दोन याद्या पुन्हा तयार होतील. तेव्हा तिथं बदल करायचा तो आधी कोण कुणाला विचारतो यात. हे साहेबांना सांगणं अवघड आहे, पण तेच सांगण्यासारखं आहे.

आता सगळं टाकून नव्यानं लिहिण्याबद्दल. एफबीआय या अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं तपासाच्या फाइलींसाठी 'व्हर्च्युअल केस फाइल' नावाची सिस्टिम करायला घेतली. मागण्या सारख्या बदलत राहिल्या, आणि बेत असा की एका झटक्यात जुनं बंद करून नवं सुरू करायचं. सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५मध्ये ते सोडून द्यावं लागलं. पुढं 'सेंटिनल' नावानं दुसरा प्रकल्प निघाला, तोही रेंगाळला. पण इथं त्यांनी २०१०मध्ये, काम अर्ध्यात असताना, थांबून मान्य केलं की चालवण्याची पद्धतच बदलायला हवी. बाहेरच्या कंत्राटदाराकडून सूत्रं स्वतःकडं घेतली, टीम लहान केली, दर थोड्या आठवड्यांनी चालतं काहीतरी दाखवायचं असं ठरवलं. जुलै २०१२मध्ये सिस्टिम सगळ्यांना वापरायला मिळाली. पैसे एवढे गेलेच आहेत तर आता आहे तसंच रेटू, असं म्हणणं किती सोपं होतं! अर्ध्या वाटेवर वाट बदलणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. सुरुवातीला शहाणपण सांगणारे पुष्कळ असतात.

नेटफ्लिक्सचंही बघ. तेव्हा ते सिनेमांच्या डीव्हीडी टपालानं घरी पाठवत. ऑगस्ट २००८मध्ये त्यांचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यांनी तेव्हा क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर, जायचं ठरवलं, आणि ते स्थलांतर पुरं झालं जानेवारी २०१६मध्ये. सात वर्षांहून अधिक काळ एकेक तुकडा काढत गेले आणि धंदा चालूच होता. तू मला म्हणालास की सहा महिन्यांत सगळं होईल. नाही होणार रे. आणि सहा महिने म्हणून मागितलेस आणि वर्ष लागलं, तर पुढच्या वेळी तुझं खरंही कुणी ऐकणार नाही.

म्हणून साहेबांपुढं सबंध सिस्टिम मांडू नकोस. तुझ्या नोंदींतला सगळ्यात जास्त वेळ खाणारा एकच तुकडा निवड. तो बाजूला काढून नवा लिही, काही आठवडे जुना आणि नवा शेजारी शेजारी चालव, दोघांची उत्तरं रोज ताडून बघ, आणि बिघडलं तर जुन्यावर परत कसं यायचं ते आधी लिहून ठेव. हे मागितलंस तर साहेबांना नाही म्हणणं जड जाईल. बोलताना ज्यांनी ही सिस्टिम बांधली त्यांच्याबद्दल एकही वावगा शब्द नको. त्यांतले काही जण त्याच खोलीत बसलेले असतील, आणि तेव्हाची माणसं, तेव्हाचा पैसा, तेव्हाची गरज धरून त्यांनी ते नीटच केलं होतं. त्यांनाच आधी भेट. काचेखालच्या त्या कागदाची चौथी पायरी का बदलली, हे फक्त त्यांनाच माहीत असतं.

नोंदी काढल्यावर कदाचित असंही दिसेल की त्रास फारसा वाढलेला नाही, एकदोन स्क्रिप्ट आणि थोड्या टेस्ट लिहून भागेल. तसं दिसलं तर तेही तितक्याच मोकळेपणानं सांग.

मीटिंग पुढच्या गुरुवारी आहे म्हणालास. रविवारपर्यंत टिकिटांची यादी आणि निवडलेला तुकडा एका पानावर लिहून मला पाठव. नावनिशी, आकडे, कंपनीचं काही लिहू नकोस, नुसता आराखडा पुरे. मी साहेबांच्या जागी बसून वाचते आणि त्यांना काय काय आडवे प्रश्न सुचतील ते समासात लिहून परत पाठवते. रात्री जागत बसू नकोस.

तुझी,
आई