कोड न येणाऱ्यांसाठीही तिथे जागा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरवर, आलेला लेख मी दुकानात बसून दोनदा वाचला. आपल्या पुण्यातली मुलं कोड लिहून अशा प्रकल्पांना हातभार लावतात, हे वाचून फार बरं वाटलं. पण पानभर लेखात सगळा कोडच होता. सॉफ्टवेअरसोबत जी मदतीची पानं आणि माहितीपुस्तिका येतात त्या कोण लिहितं, यावर एक ओळही नव्हती. त्यातली थोडी मी लिहिली आहेत, म्हणून हे पत्र.

नारायण पेठेत माझं टायपिंग आणि डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवून देण्याचं, दुकान आहे. २३ वर्षं झाली. प्रोग्रॅमिंग मला येत नाही. २०१९ साली एका मंगल कार्यालयाची नियमावली छपाईला आली. टाइप करणारी मुलगी नवी होती, पण हुशार. एका मोफत प्रोग्रामच्या मदतीच्या पानावरून ती आपली आपण देवनागरी टायपिंग शिकली होती. ‘आचाऱ्यांनी रात्री दहानंतर भट्टी चालू ठेवू नये’ या ओळीचं तिच्या हातून ‘आचार्यांनी रात्री दहानंतर’ झालं. प्रूफ बघताना माझीही नजर त्यावरून गेली. दोनशे प्रती छापून झाल्या आणि मग मालकांचा फोन आला. कागद गेला, एक दिवस गेला.

मी मुलीला विचारलं तेव्हा ती रडवेली होऊन म्हणाली, “ताई, पानावर एवढंच लिहिलंय. र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि य जोडायचा.” मी पान उघडलं. खरंच तेवढंच होतं. हिंदीला तेवढं पुरतं. मराठीत दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या. त्या अर्ध्या चंद्रासारख्या र साठी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांनी मानलेल्या अक्षरांच्या यादीत, ऱ हे निराळं अक्षर वापरायचं असतं. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग डीच्या कळीने पाय मोडायचा, मग तिरप्या रेघेच्या कळीवरचा य. तीन कळा. टायपिंगच्या धंद्यात मुरलेल्या कुणालाही हे झोपेत विचारा, सांगेल. ज्याने तो प्रोग्राम तयार केला त्याला हे कुठून माहीत असणार?

त्याच आठवड्यात इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, बाइंडिंगला घेऊन आला होता. माझी तक्रार ऐकून त्याने त्याच पानाच्या तळाशी ‘हे पान सुधारा’ अशी कडी, म्हणजे लिंक, दाखवली. मी ती कधी पाहिलीच नव्हती. खातं उघडायचं, अख्ख्या प्रकल्पाची आपली एक प्रत करून घ्यायची, तिला फोर्क म्हणतात. त्या प्रतीत दुरुस्ती करायची आणि काय बदललं, का बदललं हे दोन ओळींत लिहून ती परत पाठवायची, ती पुल रिक्वेस्ट. लेखकाकडे खुणा केलेलं प्रूफ पाठवतो तसंच हे आहे. स्वीकारायचं की नाही, ते पलीकडची माणसं ठरवतात.

मी चार ओळी पाठवल्या. दोन दिवसांनी उत्तर आलं. तपासणारी व्यक्ती दुसऱ्या देशातली, मराठीचा गंधही नसलेली. तिने विचारलं, या कळा कोणत्या कीबोर्डवरच्या आहेत? फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून टाइप करणाऱ्याला हे लागू पडेल का? प्रश्न अगदी योग्य होता आणि तो मला सुचला नव्हता. मी इनस्क्रिप्टचं नाव घातलं, शेजारी ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ दोन्ही टाइप करून दाखवले. नवव्या दिवशी माझ्या ओळी त्या पानावर होत्या. दुकानातल्या मुलीला मी त्या मोठ्याने वाचायला लावल्या.

त्यानंतर मी भाषांतराकडे वळले. लिब्रेऑफिस हे पत्रं, तक्ते करायचं मुक्त सॉफ्टवेअर. त्याच्या मदतीचं भाषांतर वेबलेट नावाच्या व्यवस्थेत होतं, फायरफॉक्स या ब्राउझरचं पाँटून नावाच्या व्यवस्थेत. दोन्हीकडे एकेक वाक्य समोर येतं. मधेच टक्क्याच्या खुणेला चिकटून इंग्रजी शब्द दिसला, तर त्याला हात लावायचा नाही. तिथे प्रोग्राम स्वतः काहीतरी भरणार असतो. शब्दांवरून वाद होतातच. ‘फाइल’ लिहायचं की ‘संचिका’? माझं मत पक्कं आहे. मेनूवर जो शब्द दिसतो तोच मदतीच्या पानावर हवा. पडद्यावर ‘संपादन’ आणि पानावर ‘एडिट’ असलं, तर शोधणाऱ्याने काय शोधायचं? अलीकडे काही जण मशीनकडून भाषांतर करून शेकडो ओळी एकदम चढवतात. एकही कळ स्वतः दाबून पाहिलेली नसते आणि निस्तरायचं काम तपासणाऱ्या स्वयंसेवकांवर पडतं. मी पाठवण्याआधी प्रत्येक सूचना स्वतः करून बघते. तीन दिवस लागले तरी बघते.

छपाईच्या धंद्यातली म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. अख्ख्या पुस्तकांच्या झेरॉक्ससाठी लोक येतात तेव्हा मी हात जोडते, कारण परवानगीशिवाय तसं करणं बहुतेकदा कायदा मोडणं ठरतं. लिब्रेऑफिसच्या मार्गदर्शक पुस्तिका मात्र मी निर्धास्त छापते. २०१० साली ओपनऑफिस या जुन्या सॉफ्टवेअरमधून हे वेगळं झालं तेव्हापासून त्यामागे डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था आहे आणि त्यांच्या पुस्तिका क्रिएटिव्ह कॉमन्स या, लेखकाने इतरांना वापराची मुभा आधीच देऊन ठेवलेल्या परवान्याखाली मिळतात. लेखकांचा श्रेयनिर्देश आणि परवान्याची नोंद ठेवली, बदल केला असेल तर तो सांगितला, की त्या छापता येतात, वाटता येतात, विकताही येतात. भाषांतरालाही परवानगी मागावी लागत नाही. मी त्या स्पायरल करून कागद-बाइंडिंगच्या खर्चात देते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. मीही वाटले. आपल्या पेठांमधून निवृत्त मुद्रितशोधक आहेत, मराठीचे शिक्षक आहेत, सरकारी कचेऱ्यांत तीस वर्षं टिपणं लिहिलेली माणसं आहेत. ऱ्हस्व-दीर्घावरून ती आपल्याला पत्रं लिहितात, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना कोणी सांगितलेलंच नाही की या कामाला नेमकी त्यांचीच नजर लागते. आपल्या पुरवणीने ते सांगावं, महिन्यातून अर्धा रकाना द्यावा, ही विनंती.

दुपारी एक ते चार माझं दुकान बंद असतं, तेव्हा दुसरं मशीन रिकामं असतं. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी शनिवारी त्या वेळात यावं. माझं नाव आणि पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, विचारणाऱ्यांना जरूर द्यावा. येताना चष्मा आणि लाल पेन आणावं. पहिलं पान मी कागदावर काढून ठेवीन. ज्यांनी कधी माऊस धरलेला नाही त्यांना कागदावर तपासणं सोपं जातं, टाइप आम्ही करू.

आपली,
नारायण पेठेतील एक डीटीपी व्यावसायिक,
पुणे ३०