प्लग काढायला लावणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. विचारलं असतं तर तुम्ही "राहू द्या की ताई, त्यात काय एवढं" म्हणाला असतात, म्हणून विचारलंच नाही. पण कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या तुम्हाला हे आभाराचं पत्र चारचौघांत लिहितेय, कारण घरात एक कॉम्प्युटर मांडून टायपिंग-डीटीपीची कामं करणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत आणि त्यांच्याही मशीनमध्ये कुणाचं ना कुणाचं काहीतरी पडलेलं असतंच.

त्या शनिवारी सकाळी बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस', म्हणजे मशीनला सुरू व्हायला डिस्कच सापडेना. आठवडाभर लक्षणं दिसत होतीच म्हणा. फाइल सेव्ह करताना मशीन अर्धा-अर्धा मिनिट गप्प बसायचं आणि कॅबिनेटमधून मधूनच टक... टक असा आवाज यायचा, पाल चुकचुकावी तसा. मी खापर यूपीएसवर फोडून मोकळी झाले होते. शनिवारी मात्र बंद-चालू, बंद-चालू असं पाचदा केलं. चौथ्या वेळी काय झालं कोण जाणे, विंडोज उठल्यासारखं वाटलं आणि आपोआप चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क-तपासणी, सुरू झालं. ११ टक्क्यांवर अडकलं ते तीन तास तिथेच. शेजारचा मुलगा म्हणाला, "काकू, चालू दे, होईल." मग एका दुकानात फोन केला. "विंडोज उडालंय. फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा."

मी रिक्षा बोलावायच्याच बेतात होते. कॅबिनेट उचलताना बाजूला तुमचं फिकटलेलं स्टिकर दिसलं. सात-आठ वर्षांपूर्वी रॅम टाकून दिली होतीत तेव्हाचं. नंबर लागेल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत. "आवाज येतोय का? आणि आत महत्त्वाचं काय आहे?" मी टकटक सांगितली. तुम्ही म्हणालात, "ताई, आधी प्लग काढा. बटण नाही, प्लग. आता मी येईपर्यंत कुणी हात लावू नका बघा."

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा नीट देता आलं नाही, रडू येत होतं. आत एका घराण्याचा कुलवृत्तांत होता. चार वर्षांचं काम. ज्या काकांनी तो जमवला ते आज ८२ वर्षांचे आहेत. सांगलीपासून ग्वाल्हेर-इंदूरपर्यंत पसरलेल्या शाखांना त्यांनी पोस्टानं छापील फॉर्म पाठवले, जाऊन भेटले, नावं आणि तिथ्या उतरवून आणल्या. सांगणाऱ्यांतले निम्मे आता नाहीत. आणि भरून आलेल्या फॉर्मांची ट्रंक काकांच्या घरी तळमजल्यावर होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाची धोक्याची ४५ फुटांची रेघ मागे टाकून गावात शिरलं, तेव्हा ट्रंकेतला लगदा झाला. माझं मशीन वरच्या मजल्यावर होतं म्हणून टाइप केलेलं तेवढं उरलं. पुराने जे सोडलं ते आता एका टकटकीने न्यायचं होतं.

आणि बॅकअप? होता ना! "डी ड्राइव्हला कॉपी ठेवलीय," असं मी तुम्हाला ठसक्यात सांगितलं. तुम्ही हसला नाहीत, याबद्दल वेगळे आभार. "सी आणि डी म्हणजे एकाच कपाटाचे दोन कप्पे, ताई. इथे कपाटच पडायला आलंय." माझं वय ५१, या धंद्यात २२ वर्षं, आणि हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, लगेच डिस्क काढून घेऊन जाल. तसं केलं नाहीत. आधी बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या मशीनच्या मूळ सेटिंगांत जाऊन तारीख-वेळ बघितलीत. बरोबर होती, म्हणजे बोर्डावरचा बटणासारखा सेल ठीक. तो संपला की मशीन कधीकधी कुठून सुरू व्हायचं तेच विसरतं, असं तुम्ही सांगितलंत. डिस्कचं नाव यादीत एकदा दिसलं, एकदा नाही. मग केबल बदललीत, दुसऱ्या पोर्टात लावलीत. मग विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलंत आणि मशीन झटक्यात उठलं. बोर्ड, रॅम, पॉवर सगळं निर्दोष सुटलं, गुन्हेगार एकटा राहिला.

मग तो तक्ता दाखवलात. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते, स्मार्ट म्हणतात त्याला, हे मला नवीनच. ५ नंबरच्या ओळीत आधीच बाद होऊन बदलले गेलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारीक तुकडे. १९७ नंबरच्या ओळीत वाचता न आलेले, पण अजून निकाल न लागलेले. १९९ समोर शून्य होतं, म्हणजे केबलमध्ये दोष नव्हता. १९७ समोर ३१२ होते. चहा होईपर्यंत ३४० झाले. "वाढतोय," एवढंच तुम्ही म्हणालात आणि मशीन बंद केलंत.

मी चेकडिस्कचं विचारलं तेव्हा दिलेलं उत्तर मी कागदावर लिहून ठेवलंय. "ते फाइलींचा हिशोब दुरुस्त करतं. पण खालची डिस्क धडधाकट आहे असं धरून चालतं. मरणाऱ्या डिस्कवर ते खराब जागा पुन्हा पुन्हा उकरत बसतं, वर लिहितंही. घर पडायला आलंय तर आधी सामान बाहेर काढायचं. गिलावा नंतर." तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि वाचणारं हेड तिला न टेकता, केसाच्या जाडीच्या हजारोव्या भागाइतकं वर तरंगतं, हेही तेव्हाच कळलं. ती टकटक म्हणजे जागा न सापडून हेड पुन्हा पुन्हा मागे फिरत होतं. (आमच्या घरच्या ग्रुपवर एकाने डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायला सुचवलं होतं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारलात. आत दव धरलं तर तबकडीचं काय होईल, हे ऐकून मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.)

डिस्क घेऊन निघताना दारात थांबून एक सांगितलंत, ते फार कमी लोक सांगतात. "टकटक वाढली आणि थांबेनाच झाली तर मी पुढे जाणार नाही. मग ती स्वच्छ खोलीत उघडणाऱ्या लॅबलाच पाठवायची. ते महाग पडतं. पण मी उघडून बघतो असं कुणी म्हटलं तर देऊ नका."

पुढचे दोन दिवस मी तुम्हाला किती फोन केले ते मोजले नाहीत. तुम्ही मोजले असतील. सामान्य डिस्क असती तर ५०० जीबी दीड-दोन तासांत उतरले असते. इथे दोन रात्री आणि एक दिवस लागला, डिस्कवर टेबल फॅन लावून. खराब डिस्कची नक्कल उतरवणारं ते डीडीरेस्क्यू काय करतं ते तुम्ही फोनवर समजावलंत, आणि मला ते माझ्या धंद्याच्या भाषेत कळलं. हस्तलिखितावरून टाइप करताना एखादा शब्द लागत नाही. तिथे अडून बसलं तर पान होत नाही. आपण पेन्सिलीने गोल करतो, पुढे जातो, आणि सगळं झाल्यावर गोलांकडे परत येतो. तेही तसंच: सोपं सोपं आधी नव्या डिस्कवर उतरवायचं, अडलं की उडी मारायची, उड्या मारलेल्या जागांची नोंद एका फाइलमध्ये ठेवायची, शेवटी त्या एकेक करून खरवडायच्या. पहिल्या रात्री तुमच्याकडे लाइट गेली तेव्हा माझा जीव अर्धा झाला. त्या नोंदीमुळे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

शेवटी ३८ एमबी काही केल्या वाचता आले नाहीत. ५०० जीबीत ते काहीच नाहीत. पण विंडोजच्या चालू व्हायच्या फाइली नेमक्या त्यातच असणार, कारण नकलेवरूनही ते उठेना. चेकडिस्क तुम्ही चालवलंतच, पण नकलेवर. फाइली बाहेर काढून नव्या एसएसडीवर, म्हणजे तबकडी नसलेल्या डिस्कवर, नवं विंडोज टाकलंत आणि मला बोलावलंत.

मी पहिली फाइल उघडली आणि जमीन सरकली. कुलवृत्तांताच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. मी खुर्चीत बसले. तुम्ही मागून वाकून बघितलंत आणि शांतपणे विचारलंत, "फॉन्ट टाकला का?"

आमचे ते युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट! इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. फॉन्ट नाही तर खालची इंग्रजी अक्षरंच वर येतात. २२ वर्षं त्यांच्यावर जेवतेय आणि घाबरल्यावर तेवढंही आठवलं नाही. फॉन्ट जुन्या विंडोजच्या फोल्डरमध्ये होते, तिथून काढून टाकले आणि पडद्यावर काकांचे पणजोबा हजर झाले.

ग्वाल्हेर शाखेची पेजमेकरची (त्यातच मी पानं लावते) फाइल तेवढी उघडली नाही. २२ पानं. मी म्हटलं, जाऊ दे. तुम्ही नाही जाऊ दिलंत. फोटोरेक नावाचा प्रोग्रॅम चालवून पुसलेल्या फाइलींचा ढिगारा काढलात, नावं नसलेल्या, नुसते आकडे. त्यात मी काकांना प्रूफासाठी पाठवून नंतर उडवलेली एक पीडीएफ सापडली. फॉन्ट तिच्या पोटातच होता, त्यामुळे मराठी जशीच्या तशी. ती समोर ठेवून मी ग्वाल्हेर चार दिवसांत पुन्हा टाइप केलं.

नव्या डिस्कांचे पैसे सोडून तुम्ही मजुरीचे हजार रुपये सांगितलेत. मी घासाघीस केली, जास्त द्यायला. तुम्ही हरला नाहीत.

जुनी डिस्क तुम्ही वर कागद चिकटवून परत दिलीत: 'वापरू नये'. ती कपाटात आहे. कुलवृत्तांताची एक प्रत आता वेगळ्या डिस्कवर, एक पेन ड्राइव्हवर आणि एक काकांच्या मुलीकडे पुण्यात, जिथवर कृष्णा काही येत नाही.

आता कामाचं. ऋणनिर्देशाचं पान अजून उघडं आहे. काकांनी शेवटच्या प्रूफावर लाल शाईने लिहून पाठवलंय की संगणक दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांचं नाव पूर्ण घालावं, वडिलांच्या नावासह. मला तुमचं स्टिकरवरचं नाव तेवढं ठाऊक आहे, आणि त्यातलंही एक अक्षर पुसलंय. ते पान गुरुवारी छपाईला जातंय. बुधवार संध्याकाळपर्यंत कळवा. "राहू द्या की" हे उत्तर काका घेणार नाहीत.

तुमची,
ताई
(तुमच्या फोनमध्ये 'पेजमेकर मॅडम' असं सेव्ह आहे, मी बघितलंय)