संदर्भासाठी आपले नाव देऊ दिल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

वेर्णा औद्योगिक वसाहतीतील औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात माझी निवड झाल्याचे मी आपल्याला फोनवर कळवलेच आहे. तरीही हे पत्र खुले लिहीत आहे, कारण निवडीच्या शेवटच्या टप्प्यात आपण माझ्यासाठी जे केलेत ते फोनवरच्या दोन वाक्यांत मावणारे नाही, आणि अर्जातला संदर्भांचा रकाना, म्हणजे आपल्या कामाबद्दल सांगू शकतील अशांची नावे द्यायची जागा, आपल्याकडे अजूनही शेवटच्या रात्री, सुचतील ती नावे घालून भरला जातो.

घरच्यांचा आग्रह होता की आमदारांचे पत्र जोडावे आणि दुसरे नाव बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या मामांचे द्यावे. गोवा एवढासा, फोंड्यातल्या माणसाची चौकशी मडगावात दोन फोनांत होते, त्यामुळे ओळखीवर भिस्त ठेवायची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. आपण मात्र पहिल्याच बोलण्यात विचारलेत, "या दोघांपैकी तुझे काम कोणी पाहिले आहे?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मग आधीच्या नोकरीत, कुंडईच्या कारखान्यात, माझे काम रोज तपासणाऱ्या आपण आणि गोवा विद्यापीठात एम.एस्सी.चा प्रकल्प करून घेणारे सर, अशी दोन नावे ठरली. सध्याच्या नोकरीतल्या वरिष्ठांचे नाव न देता, नेमणुकीचा देकार हाती आल्यावरच तिथे विचारणा करावी असे अर्जात स्पष्ट लिहावे, हेही आपणच सुचवलेत. नोकरी बदलण्याचा विचार वरिष्ठांच्या कानी परस्पर गेला असता तर किती अवघड झाले असते, हे सांगायला नको.

होकार देताना आपण माझ्याकडून तीन गोष्टी मागून घेतल्या: मूळ जाहिरात, पाठवलेला बायोडेटा आणि आपल्या हाताखाली मी केलेल्या कामाचे अर्ध्या पानाचे टिपण. टिपण वाचून आपण ते परत पाठवलेत. "मेहनती, प्रामाणिक हे शब्द काढ, घडले ते लिही," असा शेरा होता. त्यातूनच स्टॅबिलिटी चेंबरचा, म्हणजे औषध किती टिकते हे पाहण्यासाठी नमुने ठेवायच्या कपाटाचा, प्रसंग वर आला. गोळ्यांचे नमुने 40 अंश सेल्सिअस आणि 75 टक्के सापेक्ष आर्द्रतेत सहा महिने ठेवायचे असतात; ऐन पावसाळ्यात त्या चेंबरची वीज गेली, तेव्हा घसरलेल्या आकड्यांची नोंद आहे तशी ठेवून डेव्हिएशनचा, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळे काय घडले त्याचा, अहवाल मी लिहिला होता, आणि त्यावर आपली सही होती. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी आपल्याला फोनवर नेमका याच प्रकारचा प्रश्न विचारला, असे आपल्याकडूनच नंतर कळले. मामा कितीही भरभरून बोलले असते तरी हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

माझ्या मनात सर्वांत जास्त राहिले आहे ते आपले आणखी एक वाक्य. "ऑडिटरसमोर बोलताना तू अडखळतेस. त्यांनी विचारले तर मी ते सांगणार," असे आपण आधीच बजावले होते. त्या क्षणी मन थोडे खट्टू झाले, हे खरे. पण आपण काय सांगणार हे मला ठाऊक असल्यामुळे मुलाखतीत तो प्रश्न आला तेव्हा मी सारवासारव केली नाही, आणि आपल्या दोघींच्या सांगण्यात तफावत राहिली नाही. निव्वळ स्तुती करणाऱ्या संदर्भापेक्षा असा संदर्भ कंपन्यांना अधिक भरवशाचा वाटत असावा, असे माझे मत बनले आहे.

फोन कोणत्या आठवड्यात येईल हे मी आपल्याला वेळेवर कळवू शकले, म्हणून आपण बैठकांच्या गडबडीतही तो घेऊ शकलात. सरांनाही निकाल कळवला आहे. नाव वापरून पुढे काय झाले ते न सांगणारे विद्यार्थीच फार, असे ते हसत म्हणाले.

आता एक छोटे काम उरले आहे. जुन्या नोकरीची पडताळणी कंपनीने बाहेरच्या संस्थेकडे सोपवली आहे. त्यांचा मेल आपल्या कार्यालयीन पत्त्यावर येईल आणि त्यात फक्त माझा हुद्दा व कामाचा कालावधी विचारलेला असेल. दोन्ही तारखा माझ्या अनुभव प्रमाणपत्राप्रमाणे आहेत. त्याची प्रत आजच आपल्याला पाठवत आहे.

आपली कृतज्ञ,
प्रयोगशाळेतली एक जुनी सहकारी
फोंडा, गोवा