पोट आणि ससा

शिजियाझुआंग, चीन,
१० एप्रिल

प्रिय आई,

गुरुवारी फोन उचलला नाही म्हणून रुसू नकोस. त्या दिवशी रात्री आठ ते दहा आमचा चिनीचा अभ्यासगट बसतो, आणि मध्येच फोनवर बोललं तर सगळ्यांना चहा पाजावा लागतो. आम्ही पाच जण: मी, नेपाळचे दोघे, एक लाहोरची आणि इथलीच एक नर्सिंगची मुलगी. ती आम्हाला चिनी शिकवते, आम्ही तिला इंग्रजी. डॉक्टरकीचे तास इंग्रजीत होतात गं, पण वॉर्डात गेल्यावर पेशंट थोडेच इंग्रजीत कण्हणार!

मागच्या महिन्यात माझी चांगलीच फजिती झाली. उशीर झाला म्हणून धापा टाकत पोचले. काय झालं विचारलं तर म्हटलं, 'वॉ पाओ ल', धावले. नर्सिंगवालीने बिस्किटांचा पुडा शांतपणे मागे घेतला. पाओ म्हणजे पोट भरलं! धावण्याला फाओ म्हणायचं, आजी 'फळ' म्हणते तसा ओठ मिटून फ.

घोळ सगळा पिनयिनचा. १९५८ पासून चिनी उच्चार असे रोमन अक्षरांत लिहितात. त्यातला 'पी' म्हणजे आपला फ आणि 'बी' म्हणजे प. 'टी' म्हणजे थ आणि 'डी' म्हणजे त. शाळेतल्या इंग्रजीच्या सवयीने वाचलं की फसलोच. पोटाला 'तूच्', सशाला 'थूच्'. त्या रात्री मी सगळं देवनागरीत मांडलं. नेपाळच्या दोघांना लगेच उमगलं, लाहोरवालीने उर्दूत उतरवून घेतलं. तूच् मधला च चाकातला, चहातला नव्हे. लाहोरवालीला तो अजून जमत नाही, मला जन्मापासून फुकट. मराठीचा असा भाव मी कधी खाल्ला नव्हता.

सुरांचं मात्र काही खरं नाही. चार सूर, आणि माझे चारही सारखेच लागतात. बाबांना सांग, विकत घेणं आणि विकणं या दोन्हींना इथे 'माय'च म्हणतात. घेताना सूर खाली जाऊन किंचित वर येतो, विकताना धाडकन पडतो. लिहिताना विकण्याच्या डोक्यावर दहाचा चिनी आकडा जास्त असतो. बाबा म्हणतील, तोच नफा.

नुकताच छिंगमिंग झाला, इथे त्या दिवशी पितरांची थडगी झाडूनपुसून फुलं वाहतात. आम्ही पाचही जण डॉ. कोटणीसांच्या समाधीवर गेलो. १९३८ मध्ये आपल्या सोलापूरचा माणूस युद्धातल्या जखमींवर उपचार करायला इकडे आला आणि चार वर्षांत इथलाच होऊन गेला. फुलं ठेवणाऱ्या एका आजोबांना मी सांगायला गेले की मी यांच्याच गावची. चिनीत त्यांचं नाव 'ख तीह्वा'. मी घाईत 'क दीह्वा' म्हटलं, आजोबा नुसते बघत राहिले. मागून नर्सिंगवाली पुटपुटली, 'ख, ख!' दुसऱ्यांदा नीट म्हटलं तेव्हा आजोबांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. ते काय काय बोलले, त्यातलं निम्मंच कळलं.

शेंगाचटणी संपली. गटाने चमच्याने खाल्ली, माझा नाइलाज झाला. पुढच्या पार्सलमध्ये दुप्पट पाठव. आजीला नमस्कार.

तुझी,
चिऊ